झरीहून आलेली पाठराखीण

अक्का, पाठराखीण अजून गेलेली नाही.

तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले. उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला पोचली, सतरंज्या झटकून झाल्या. मागं राहिलेलं सामान म्हणजे मी. तुझ्या ओसरीवर बसून हे लिहितोय. समोर दाजी अडकित्त्यानं सुपारी कातरतायत. खात नाहीत, नुसतीच कातरतायत. पुढ्यात ढीग झालाय. आम्ही दोघं एकमेकांशी काय बोलावं हे आम्हाला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. ते मला टोमणा मारायचे, मी तुझ्याकडं बघायचो, तू त्यांच्याकडं बघायचीस. आता मधली जागाच रिकामी आहे. म्हणून म्हटलं, तुझ्याशीच बोलावं.

वाचणाऱ्यांना आधी पाठराखीण म्हणजे काय ते सांगतो, तू जरा दम धर. नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची एखादी बाई जाते. चार दिवस राहते, नवरीचं मन रमलं की साडीचोळी घेऊन परत येते. निजामाच्या राज्यात झरीहून बोरीला तुझी गाडी आली तेव्हा तुझी पाठराखीण म्हणून मी आलो. मी दिगंबर, तुझा दिगू, वय दीड वर्ष, तोंडात मोजके दात, लंगोट ओला. आई माझ्या बाळंतपणातून उठलीच नव्हती. मला आई म्हणून जे काही ठाऊक होतं ते तुझी कंबर आणि तुझा पदर. तू तेव्हा पंधरा वर्षांची असशील.

चार दिवसांची पाठराखीण परभणीच्या बोर्डिंगात जाईपर्यंत इथंच जेवली. मी तिसऱ्या भाकरीला हात घातला की दाजी तुला विचारायचे, "काय गं, तुझी पाठराखीण कवा जायची?" तू म्हणायचीस, "तिचं मन रमलं की." मला मिशा फुटल्या, नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, तरी दिवाळीला बोरीच्या स्टँडवर उतरलो की दाजी लांबूनच ओरडायचे, "आली रं पाठराखीण!" माझी पोरं लाजायची. मी नाही. माणसाला आयुष्यात एखादी तरी पदवी मनापासून मिळालेली असावी.

आणि गोष्ट. आपल्या घरात लग्न असो, बारसं असो, हुरड्याची आगटी पेटलेली असो, कुणीतरी म्हणायचंच, "मामा, दाजींच्या वरातीची गोष्ट सांगा." मग मी घसा खाकरून सुरू करायचो. ताशाच्या आवाजानं नवरदेवाच्या गाडीचा तांबडा बैल उधळला, गाडी ओढ्याकडं पळाली, आणि बाशिंगासकट दाजी पाण्यात. नवरदेव बुडतोय, बाशिंग तरंगतंय, वऱ्हाडी आधी बाशिंग धरायला धावतायत...

"तांबडा न्हाई," तू चुलीपुढून म्हणायचीस. "ढवळा व्हता."

"बरं, ढवळा."

"अन् पाणी कुठलं? वैशाखात ओढ्याला पाणी असतंय का? म्हशी लोळायच्या तिथं चिखल व्हता. चिखलात पडले."

दाजी मान हलवून साक्ष द्यायचे. मी म्हणायचो, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय अक्का!"

"कशानं बघितलंस? तू माझ्या कडेवर झोपला व्हतास, लाळ गाळायलास."

इथं सगळे हसून लोळायचे आणि मी गोष्ट संपवायचो. मग तू पीठ झटकून म्हणायचीस, "पुढचं सांग की."

"पुढचं तू सांग."

कारण पुढचं मला सांगता यायचं नाही. माझ्या गोष्टींत मी रडायची जागा ठेवत नाही. एकदा ठेवली की लोक तिथंच बसून घेतात, आणि त्यांच्या आधी मीच बसतो. तर पुढचं तू सांगायचीस, दोन-तीन वाक्यांत, भाकरी उलटता उलटता. "सासूबाई म्हनल्या, पाठराखीण कुठाय? मी म्हनलं, ही काय, कडेवर. म्हनल्या, हे तर बाप्या माणूस हाय. मी म्हनलं, पाठराखीण न्हाई तर नवरी बी न्हाई. अन् बैलाच्या पुढ्यात खाली बसले."

बस्स. एवढं सांगून तू भाकरी टोपल्यात टाकायचीस. मी कधी त्यावर काही बोललो नाही. काय बोलणार? उपकार झाले म्हणू? तुझ्या हातात उलथनं असताना असलं काही बोलायची माझी हिंमत नव्हती. मी आपला म्हणायचो, "बैल तांबडाच होता." तू म्हणायचीस, "ढवळा." हे भांडण राहिलंच अक्का. मला वाटलं होतं, अजून खूप वर्षं पुरेल.

सुरुवात भाकरीनंच झाली. एकदा आलो तर तुझी सून शोभा मला दारातच बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, आत्याबाईंनी सकाळी पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली अन् बसून राहिल्या. चूल पेटवलेलीच न्हाई. मी म्हनलं, आत्याबाई, जाळ? तर म्हनल्या, जाळाचा अन् भाकरीचा काय संबंध?"

मी हसलो. मी प्रत्येक गोष्टीला आधी हसतो, ती माझी खोड आहे. तुला जाऊन म्हटलं, "अक्का, ऐकलं, कच्च्या भाकरी खाऊ घालायलीस म्हणं." तू पण हसलीस. पण मग तू चुलीकडं बघितलंस, परातीकडं बघितलंस, पुन्हा चुलीकडं बघितलंस. दोन ओळखीची माणसं समोर आहेत, पण ती एकमेकांची कोण हे आठवत नाहीये, असं बघितलंस. तेव्हा माझं हसू जरा लवकर संपलं.

मग एकेक. आख्ख्या झरीची आणि बोरीची नाती तुझ्या जिभेवर. कोण कुणाची नणंद, कुणाचा चुलता कुठं दत्तक दिलेला. आता नावं सगळी होती. चेहरेही होते. पण नाव एका खुंटीला आणि चेहरा दुसऱ्या. दाजींना तू "अहो" म्हणायचीस आणि शोभाला हळूच विचारायचीस, "हे म्हातारे कुणाकडचे?" दाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. रानात जास्त वेळ काढायला लागले.

परभणीच्या डॉक्टरनं हैदराबादला न्यायला सांगितलं. आपण तिघं रेल्वेनं गेलो. गाडी पूर्णेला तासभर उभी राहिली, जंक्शनला राहतेच. तू खिडकीतून विचारलंस, "झरी आलं का?" म्हटलं, "न्हाई, पूर्णा." नांदेडला विचारलंस, निजामाबादला विचारलंस. पुढं मी प्रत्येक स्टेशनला आधीच म्हणायला लागलो, "झरी न्हाई, अक्का."

हैदराबादचे ते म्हातारे डॉक्टर, शांत माणूस. तुझ्या डोक्याचा फोटो त्यांनी बराच वेळ उजेडाला धरला, मग बाजूला ठेवला आणि तुझ्यापुढं खुर्ची ओढून बसले. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "अम्मा, ये कौन है?"

तू म्हणालीस, "हे परभणीचे मास्तर हायेत."

"और दिगू कौन है?"

"माझा भाऊ."

"कहाँ है?"

तू स्वतःच्या कमरेकडं बघितलंस. "आत्ता तर कडेवर व्हता."

 डॉक्टर आमच्याकडं वळले आणि, जसं रोज कुणाला तरी सांगत असतील तसं, म्हणाले, "देखो मास्टर साब, दिमाग में बी बस्तियाँ रहतीं. एक में सूरत, एक में नाम, एक में आवाज. इनकी बस्तियाँ अब्बी पूरी उजड़ी नईं. बीच के रस्ते टूट रहे. दिगू बी है उनके पास, आप बी हैं. दोनों के बीच का रस्ता नईं रहा."

दाजींनी विचारलं, "म्हंजी पूर्णेला गाडी अडकली की अकोल्याचा माणूस अकोल्यात अन् नांदेडचा नांदेडात, तसं?"

"बस, वैसाच समझो. जहाँ सब रस्ते मिलते, वोइच जगह पहले बिगड़ती."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. अल्झायमर. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "निजाम गेला, रझाकार गेले, आता हे कोण आलजामीर आलं?" आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर बसून हसलो. तूही आमच्याकडं बघून हसलीस. आपण तिघं एकत्र हसलो ते शेवटचं.

औषध म्हणजे फार काही नव्हतंच. डॉक्टर म्हणाले होते, नवा रस्ता होणार नाही. जुना जेवढा चालेल तेवढा चालवत राहा. उनसे बातां करो, पुराने किस्से सुनाओ. माझ्या जन्मात मला पहिल्यांदाच कुणी तोंड बंद ठेव म्हणण्याऐवजी बडबड लिहून दिली. मी मन लावून औषध द्यायला लागलो. दर रविवारी परभणीहून एसटी धरायची, वाटेत झरी लागायचं, तिथल्या स्टँडवर उगाच मान बाहेर काढून बघायचं, आणि बोरीला उतरून तुझ्या बाजेशेजारी बसून वरातीची गोष्ट सुरू करायची.

मी मुद्दाम चूक करायचो. "तांबडा बैल..."

"ढवळा," तू म्हणायचीस.

माझा आठवडा त्या एका शब्दावर चालायचा. घरी गेलो की बायको विचारायची, "कशा हायेत अक्का?" मी म्हणायचो, "ढवळा." तिला कळायचं.

पुढं ढवळा गेला. मी तांबडा म्हटलं, काळा म्हटलं, एकदा तर रेडा म्हटलं. तू मान डोलावलीस. मग पाणीही चाललं तुला. दाजींना मी ओढ्यात बुडवलं, नदीत बुडवलं, तू ऐकत राहिलीस. घरात मला अडवणारं कुणी राहिलं नाही. आयुष्यभर मला वाटायचं, अक्का मध्ये बोलली नाही तर माझी गोष्ट काय रंगेल! आता ती अशी रंगली की सांगताना माझाच जीव गुदमरायचा.

आणि तो मृग सरतानाचा रविवार. मी गोष्ट नेहमीच्या जागी संपवली. चिखलानं माखलेला नवरदेव, हसणारे वऱ्हाडी, आणि निघाली गाडी बोरीला. पुढचं तुझं होतं, पण ते तू कधीच सोडलं होतंस. मी चहाला आत गेलो. बाहेर आलो तर बाज रिकामी.

शोभा शेजारी पळाली, दाजी रानाकडं, मी स्टँडकडं. जिंतूरहून परभणीला जाणारी एसटी उभी होती. तू दारात, एक पाय पायरीवर, काखेत लेकराला गुंडाळायच्या धडुत्याची घडी. कंडक्टर म्हणत होता, "आजीबाई, कुठं?"

"झरी. येताना लेकरू हाय, त्याचं तिकीट लागतंय का?"

मी म्हणालो, "अक्का, कुठं निघालीस?"

तू माझ्याकडं रागानं बघितलंस. माझ्यावर इतकी रागावलेली तुला मी कधी बघितलं नव्हतं. "कुठं म्हंजी? पोरगं झरीलाच राहिलं! तुमीच सांगितलं की आत्ता. गाडी निघाली म्हनलात. पोराचं तर नावच काढलं न्हाई. त्याला कोण बघायलंय तिथं? भूक लागली आसंल त्याला."

तिथं, स्टँडवर, उसाच्या रसवाल्याच्या बाकावर बसून, अक्का, मी तुला पुढचं सांगितलं. पहिल्यांदा. सासूबाई काय म्हणाल्या, तू काय म्हणालीस, बैलाच्या पुढ्यात कशी बसलीस. कंडक्टरनं घंटी मारून गाडी काढली, रसवाला चरक थांबवून ऐकायला लागला. तू डोळे मोठे करून विचारलंस, "मग? नेलं का पोराला?"

"नेलं. गाडीत बसवलं. पाठराखीण म्हणून."

"बाप्या माणूस, पाठराखीण!" तू तोंडाला पदर लावून हसलीस. धडुत्याची घडी माझ्या हातात दिलीस आणि घरी चाललीस.

त्यानंतर मी गोष्ट कधी त्या हसण्यापाशी संपवली नाही. शेवट सांगितल्याशिवाय तुझ्याशेजारून उठलो नाही. कधी कधी नुसता शेवटच सांगायचो. बैल नको, ओढा नको. पोरगं गाडीत आहे, एवढं कळलं की तुझे हात पदराशी चाळा करायचे थांबायचे.

मीच दिगू, हे मी तुला सांगत नव्हतो असं नाही. एकदा-दोनदा सांगितलं. तू घाबरलीस. आत शोभाकडं गेलीस आणि म्हणालीस, "बाहेर एक बुवा बसलाय, दिगूचं नाव घेऊन खोटं बोलायलाय." मग सोडून दिलं. माझ्या जन्मभराच्या थापा पचवल्यास तू, आणि एक खरं बोललो ते तुला पचलं नाही.

यंदाची भाऊबीज. शोभानं पाट मांडला, रांगोळी काढली, मला बसवलं, तुझ्या हातात ताट दिलं. तू ताट धरून उभी राहिलीस.

"ओवाळा ना आत्याबाई."

"परक्या माणसाला कशी ओवाळू? माझा भाऊ यायचाय."

शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाटावरून उठलो. ताट तुझ्या मांडीवर ठेवलं आणि तुझ्याशेजारी भिंतीला टेकून बसलो. थोड्या वेळानं तू मला विचारलंस, "तुमी परभणीचे ना? आमच्या दिगूला वळखता का?"

"वळखतो की."

"बरा हाय का?"

"बरा हाय. मास्तर झालाय. पोरं हायेत त्याला."

"जेवतो का नीट?"

"लय जेवतो. पोट सुटलंय."

तू हसलीस. मग ताटातल्या निरांजनाकडं बघत म्हणालीस, "मग माझ्याकडं कामून येत न्हाई?"

 मी म्हणालो, "येईल की."  मग आपण दोघं भिंतीला टेकून दिगूची वाट बघत बसलो. निरांजन विझलं. आला नाही लेकाचा.

संक्रांतीच्या आठवड्यात तू गेल्याचा निरोप आला. पाठोपाठ शोभाचा निरोप, "मामा, माहेरचं लुगडं तुमीच आणायचं. आत्याबाई सवाष्ण गेल्या." विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल त्याच आठवड्यात लागलेला, परभणीच्या स्टँडवर पोलीस, गाड्या सुटायचा नेम नाही. बायको म्हणाली, इथूनच घ्या. मी म्हटलं, माहेर झरी आहे, लुगडं झरीचंच जाईल. जी मिळाली त्या गाडीनं झरीला उतरलो.

दुकानदार तरुण होता, ओळखत नव्हता. हिरवं लुगडं पुढ्यात पसरून म्हणाला, "कुणासाठी, मास्तर?"

"बहिणीसाठी."

"मग हेच घ्या. कितीबी धुवा, रंग जायचा न्हाई."

म्हटलं, "धुवायचं काम पडायचं न्हाई." तो समजला. घडी घालताना त्याचे हात हळू झाले.

पुढं बोरीला गाडीच नव्हती. जिंतूरला कापूस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवर चढलो. कापसाच्या ढिगावर बसून, लुगडं मांडीवर धरून, झरीहून बोरीला आलो. तोच रस्ता. म्हशींचा ओढा लागला, आता त्यावर पूल आहे. माझा जन्मच जणू त्या रस्त्यानं झाला आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवणारी तू होतीस. तुझ्याकडचा रस्ता तुटला तेव्हा माझाही तुटला. मला लाळ गाळताना बघितलेलं माणूस आता या जगात एकच उरलंय, आणि ते चिखलात पडलेलं होतं.

अंगभर कापूस घेऊन मी अंगणात उतरलो. सगळे माझ्यासाठी थांबले होते. बायकांनी लुगडं घेतलं, तुला नेसवलं. मळवट भरलेला, हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या. मला वाटलं, अशीच दिसत असशील तेव्हा. फक्त कंबर रिकामी होती.

मी तुझ्यासंगं निघालो. पाठराखीण नवरीसंगं जाते. वेशीपर्यंत आलो, बोरीच्या ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत आलो. तिथून पुढं मला कुणी न्यायला तयार नव्हतं. तेव्हा तू बैलाच्या पुढ्यात खाली बसली होतीस. या वेळी बसली नाहीस.

आज सकाळी मी पिशवी भरली. टॉवेल, धोतर, चष्मा. दाजी अडकित्ता घेऊन ओसरीवर बसलेले. मी त्यांच्या पाया पडलो आणि वाट बघितली. इतक्या वर्षांची सवय. निघताना ते विचारतात आणि आतून तुझं उत्तर येतं. दाजींनी सवयीनं आत बघितलं. चुलीपुढं शोभा होती, ती भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

मग दाजी सुपारीकडं बघत म्हणाले, "पाठराखीण, चार दिवस राहा की अजून."

मी पिशवी खाली ठेवली. "मन रमलं की जाईन," म्हणालो.

परभणीची एसटी घरासमोरून गेली, अक्का. आम्ही दोघांनी ती जाताना बघितली. मग दाजी म्हणाले, "गोष्ट सांगा." मी म्हटलं, ताशाच्या आवाजानं तांबडा बैल उधळला, आणि थांबलो. दाजींनी कातरायचं थांबवलं. 

"मास्तर," ते म्हणाले, "खरं सांगू का? मला बी आता आठवत न्हाई."